इंजिन डावीकडे वळले की सेल्फ बसतो : उकाईच्या फुगवट्यावरील एका होडीचे प्रकरण

तापी नदीवरील उकाई धरण गुजरातमध्ये असले आणि ते 1972 मध्ये पूर्ण झाले असले, तरी त्याच्या फुगवट्याचे पाणी नंदुरबार जिल्ह्यात नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांपर्यंत येते, आणि त्या पाण्यावर मासेमारी करणारी अनेक कुटुंबे दोन्ही काठांवर आहेत. बहुतेक जण वल्ह्याच्या लहान होड्या वापरतात. ज्या होडीचे हे प्रकरण आहे ती मात्र फायबरची, जरा मोठी आणि मागे 40 अश्वशक्तीचे दोन-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन बसवलेली होती. लहान होड्यांनी पकडलेला मासा पाण्यातच गोळा करून बर्फाच्या पेट्यांतून काठावर आणणे हे तिचे मुख्य काम, आणि मधल्या वेळेत स्वतःची जाळी उचलणे हे दुसरे. इंजिन किनारपट्टीवरून जुने विकत घेतलेले होते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून ती आधीच नोंदवतो.

माझा व्यवसाय ऑटो इलेक्ट्रिशियनचा आहे. ट्रॅक्टर, पिकअप आणि जनरेटर यांचे सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर), अल्टरनेटर आणि वायरिंग हेच माझे रोजचे काम. आउटबोर्ड इंजिनाची विजेची मांडणी या सगळ्यांहून वेगळी नाही, तिला फक्त पाण्याची, सततच्या थरथरीची आणि वळणाऱ्या इंजिनाची जास्तीची जोड असते.

होडीचे मालक, ज्यांना सगळे नाना म्हणतात, माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी तक्रार एका वाक्यात सांगितली : "भाऊ, सकायले चालू व्हस, दुपारले नही. बॅटरी बी नवी, सेल्फ बी नवा, मंग बिमारी कोठे शे?" सकाळी काठावर बटण दाबताच इंजिन सुरू होत असे. दुपारी पाण्याच्या मध्यभागी जाळ्याजवळ थांबून पुन्हा बटण दाबले की कधी नुसता टकटक आवाज येई, कधी काहीच आवाज येत नसे, आणि दहा-पंधरा मिनिटांनी, काहीही न बदलता, ते पुन्हा सुरू होई. एप्रिल-मेमध्ये खानदेशात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर असतो आणि दुपारनंतर पाण्यावर वारा उठतो, अशा वेळी बंद पडलेल्या होडीत बसून राहणे किती अवघड आहे हे पाण्यावर न गेलेल्या माणसाला सांगून कळणार नाही. भीतीपोटी नाना आणि त्यांचा पुतण्या इंजिन बंद करणेच टाळू लागले होते. जाळी उचलतानाही ते न्यूट्रलमध्ये चालूच ठेवत, त्यामुळे पेट्रोल वाया जाई आणि चालू इंजिनाशेजारी जाळे ओढण्याचा धोका रोजचा होऊन बसला होता.

आधीच्या दुरुस्त्यांची यादी मी नानांकडून विचारून लिहून घेतली, कारण अशा प्रकरणात काय बदलले याच्याइतकेच महत्त्व त्यानंतर काय झाले याला असते. प्रथम बॅटरी बदलली, चार दिवस सगळे ठीक चालले. मग सोलेनॉइड, म्हणजे बटण दाबल्यावर सेल्फचा मोठा प्रवाह जोडणारा विद्युतचुंबकी स्विच, बदलला, आठवडाभर ठीक चालले. मग सेल्फ खोलून कार्बन ब्रश बदलले, पुन्हा चार-पाच दिवस ठीक. यावरून नानांचा समज असा झाला होता की बाजारातला नवा माल खराब येतो. माझा तर्क वेगळा होता. तीन वेगवेगळे भाग बदलल्यावर प्रत्येक वेळी थोडेच दिवस आराम पडत असेल, तर दोष त्या तीन भागांत नसून, ते बदलताना ज्या गोष्टीला दरवेळी हात लागतो तिच्यात असला पाहिजे. बॅटरी बदला, सोलेनॉइड बदला किंवा सेल्फ काढा, केबली सुटतात, हलतात, त्यांचे नट पुन्हा आवळले जातात.

पहिल्या भेटीत मला काहीही सापडले नाही. होडी काठाला लावलेली होती. विश्रांतीतील बॅटरीचा दाब 12.6 व्होल्ट होता, हायड्रोमीटरने सहाही कप्प्यांतील आम्लाची घनता जवळपास सारखी दाखवली. इंजिनाचा मुख्य 20 अँपिअरचा फ्यूज शाबूत होता आणि त्याच्या खोबणीत गंज नव्हता. बॅटरीच्या धन टोकापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत मल्टिमीटर लावला तर पूर्ण 12.6 व्होल्ट दिसले. बटण दाबले, इंजिन एका झटक्यात सुरू झाले. दहा वेळा बंद करून दहा वेळा सुरू केले, दहाही वेळा झाले.

या ठिकाणी घाई करून आणखी एखादा भाग बदलायला सांगणे सोपे होते. मधूनमधून उद्भवणाऱ्या दोषाचा त्रास हाच असतो की तो मिस्तरीसमोर येत नाही, आणि न दिसलेल्या दोषावर केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती नसून अंदाज असतो. म्हणून मी नानांच्या पुतण्याला, जो शाळा शिकलेला आणि टापटिपीचा मुलगा आहे, एक वही दिली आणि इंजिन सुरू न झाल्यास दरवेळी चार गोष्टी लिहायला सांगितल्या : किती वाजता, कोणता आवाज आला, गिअरचा लिव्हर नेमका कोठे होता, आणि इंजिन कोणत्या बाजूला वळलेले होते. शेवटचा प्रश्न मी सहज जोडला होता. केबली होडीच्या मागच्या फळीवरून इंजिनात जातात आणि इंजिन वळले की त्या वाकतात, एवढेच तेव्हा डोक्यात होते.

सहा दिवसांनी वही परत आली. अकरा नोंदी होत्या. आठ वेळा टकटक आवाज आला होता, तीन वेळा पूर्ण शांतता होती. टकटकीच्या आठही नोंदींपुढे एकच शब्द लिहिलेला होता : डावीकडे. शांततेच्या तीन नोंदींत मात्र इंजिन कधी सरळ होते, कधी उजवीकडे, आणि त्यांपैकी दोनदा पुढे लिहिले होते, "लिव्हर हालवला, मग चालू झाले."

ती वही वाचताना माझी खात्री झाली की आपण एका नव्हे, दोन आजारांशी झुंजत आहोत, आणि आजवर दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे कोणताही उपाय लागू पडलेला दिसत नव्हता. डावीकडे वळण्याचे कारणही लगेच कळले. नाना जाळे नेहमी उजव्या बाजूने वर घेतात, त्यासाठी जाळ्याजवळ येताना ते टिलर (इंजिन वळवण्याचा दांडा) एकाच बाजूला पूर्ण दाबतात आणि तसेच इंजिन बंद करतात. सकाळी काठावर मात्र इंजिन सरळ असते. म्हणजे सकाळ आणि दुपार यांचा उन्हाशी काही संबंध नव्हता, संबंध होता तो इंजिनाच्या दिशेशी. मीही पहिल्या भेटीत दहाही वेळा ते सरळ ठेवूनच सुरू केले होते.

आवाजांचा अर्थ येथे थोडा उलगडून सांगतो, कारण तपासाची दिशा त्यावरच ठरते. सुरू होण्याच्या यंत्रणेत विजेच्या दोन वाटा असतात. पहिली बारीक वाट : बॅटरीपासून फ्यूज, बटण आणि न्यूट्रल स्विच (गिअर न्यूट्रलमध्ये असेल तरच जुळणारा) यांमधून सोलेनॉइडच्या कॉइलपर्यंत. या वाटेने अगदी थोडा प्रवाह जातो. दुसरी जाड वाट : बॅटरीच्या धन टोकापासून सोलेनॉइडच्या मोठ्या बोल्टांतून सेल्फला, आणि सेल्फच्या अंगातून, इंजिनाच्या ब्लॉकमधून, काळ्या अर्थ केबलने परत बॅटरीच्या ऋण टोकाला. या वाटेने शंभर-सव्वाशे अँपिअर जातात. बटण दाबल्यावर काहीच आवाज आला नाही तर बारीक वाट तुटली आहे. आवाज आला पण सेल्फ फिरला नाही तर बारीक वाट निदान काही क्षण तरी जुळली, आणि अडचण जाड वाटेत आहे. सेल्फ जोमाने फिरला पण इंजिनाने पेट घेतला नाही, तर हे दोन्ही सोडून पेट्रोल, प्लग आणि मनगटाला बांधायच्या दोरीचा बंद-स्विच पाहावा. बहुतेक आउटबोर्डमध्ये ती दोरी सुटली तरी सेल्फ फिरतो, फक्त ठिणगी बंद होते.

दुसऱ्या भेटीत मी होडी काठापासून थोडी आत नेण्यास सांगितले. पेट्रोलची टाकी झाकली, बॅटरीच्या पेटीचे झाकण काढून थोडा वेळ वारा लागू दिला, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि बंद पेटीत साठलेल्या त्या वायूला एक ठिणगी पुरते. इंजिनाने मध्येच पेट घेऊ नये म्हणून बंद-स्विचची दोरी काढली, प्लगच्या टोप्या काढून त्यांची टोके ब्लॉकला टेकवली. मग टिलर दाबून इंजिन पूर्ण डावीकडे वळवले आणि पुतण्याला बटण दाबायला सांगितले. टक-टक-टक-टक. सेल्फ जागचा हलला नाही.

हा आवाज ऐकला की कोणीही बॅटरी डाऊन आहे असे म्हणेल, आणि दहापैकी सात वेळा ते बरोबरही असेल. पण त्या क्षणी बॅटरीच्या दोन्ही शिशाच्या टोकांवर लावलेला मल्टिमीटर बारा व्होल्टच्या वरच थरथरत होता. दमलेली बॅटरी सेल्फच्या ओझ्याखाली आठ-नऊ व्होल्टपर्यंत कोसळते. ही कोसळत नव्हती, याचा अर्थ तिच्यावर ओझे पडतच नव्हते, वाटेत कोणीतरी प्रवाह अडवून धरला होता.

आता मी टेस्ट लॅम्प घेतला. होल्डरमध्ये बारा व्होल्टचा साधा बल्ब आणि दोन वायरींना चिमटे, एवढेच हे उपकरण. एक चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाच्या शिशावर लावला, टर्मिनलवर नव्हे, शिशावर. दुसरा इंजिनाच्या ब्लॉकवरील रंग खरवडलेल्या एका बोल्टवर. ही दोन्ही ठिकाणे विजेच्या दृष्टीने एकच असली पाहिजेत, कारण त्यांच्यामध्ये केवळ एक जाड केबल आहे. ती केबल चांगली असेल तर काहीही झाले तरी बल्ब लागता कामा नये. पुतण्याने बटण दाबले आणि सोलेनॉइडच्या प्रत्येक टकटकीबरोबर बल्ब लखलखला. नाना पुढे वाकून पाहत होते. बल्ब काय सांगतो आहे हे त्यांना मी समजावण्याआधीच समजले होते, त्यांनी सरळ काळ्या केबलकडे बोट दाखवले.

टकटक का होते हेही त्यातून स्पष्ट झाले. सोलेनॉइडच्या कॉइलची परतीची वायरही त्याच ब्लॉकला जोडलेली आहे. कॉइल ओढते, मोठे संपर्क जुळतात, सेल्फचा प्रवाह सुरू होताच खराब अर्थमुळे ब्लॉकचाच दाब वर चढतो, कॉइलला मिळणारा दाब घसरतो, ती सुटते. प्रवाह थांबतो, ब्लॉक पुन्हा शून्यावर येतो, कॉइल पुन्हा ओढते. सेकंदात अनेकदा हेच चालते. नवा सोलेनॉइडही तसाच टकटकत राहिला याचे कारण हे होते.

टिलर हळूहळू सरळ आणताना एका टप्प्यावर सेल्फ फिरू लागला, पण मंद, कुंथत. तो टप्पा तसाच धरून ठेवून मी चार मोजमापे घेतली. बॅटरीच्या टोकांवर 10.9 व्होल्ट. बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत तूट 0.4 व्होल्ट. सेल्फच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत तूट 3.1 व्होल्ट. प्रत्यक्ष सेल्फला मिळणारा दाब 7.4 व्होल्ट. बेरीज जुळते, आणि ती जुळली की मोजमापावर विश्वास ठेवता येतो. जाड वाटेच्या प्रत्येक बाजूला साधारण अर्ध्या व्होल्टपर्यंतची तूट मी चालवून घेतो, ऋण बाजूला तर त्याहूनही कमीच असावी. येथे एकटी ऋण बाजू तीन व्होल्ट खात होती.

शंभर अँपिअरचा प्रवाह धरला तर तीन व्होल्टच्या तुटीसाठी 0.03 ओहम एवढाच रोध पुरतो. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध याच्या कित्येक पट असतो, म्हणून ओहमच्या रेंजवर केबल तपासून ती चांगली ठरवणे ही फसगत आहे. पहिल्या भेटीत ब्लॉकवर पूर्ण 12.6 व्होल्ट दिसले तेही याच कारणाने : प्रवाह वाहत नसताना केबलमधील एक तार शिल्लक असली तरी मल्टिमीटरला ती पुरते. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटरीच्या बाबतीत शेतकऱ्याला हे नीट ठाऊक असते, मोटर बंद असताना व्होल्टेज पूर्ण दिसते आणि चालू करताच पडते. तेच ज्ञान बॅटरीच्या केबलला लावायचे असते.

बॅटरीची ऋण बाजू आधी सोडवून काळी केबल बाहेर काढली. बॅटरीकडचे टोक स्वच्छ होते. ब्लॉककडच्या थिंबलवर, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर, काळ्या टेपचे सात-आठ वेढे होते, चिकट झालेले. टेप उलगडली तेव्हा आत थिंबल हातोडी-छिन्नीने ठोकून बसवलेले दिसले, आणि त्याच्या तोंडाशी निळसर हिरवी पूड होती. केबल एका हातात आणि थिंबल दुसऱ्या हातात धरून मी ती डावीकडे वाकवली, तर अर्ध्याहून अधिक तारा थिंबलमधून अलगद बाहेर आल्या. त्या आधीच तुटलेल्या होत्या. उजवीकडे वाकवले की तुटकी टोके पुन्हा एकमेकांना टेकत होती. इन्सुलेशन चिरत मागे गेलो, तरी वीतभर अंतरापर्यंत तांबे काळे पडलेले होते. समुद्रावर वापरलेल्या इंजिनाच्या केबलमध्ये खारे पाणी थिंबलच्या तोंडातून शिरते आणि वातीने तेल वर चढावे तसे तारांमधून आत चढत जाते, आणि कल्हई नसलेल्या साध्या तांब्याला ते लवकर खाते. तापीचे पाणी गोडे आहे म्हणून गंज नसेल, असे मी स्वतःही पहिल्या दिवशी मनात धरले होते. इंजिन पूर्वी कोठे होते हे विचारूनही मी त्याचा अर्थ लावला नव्हता.

काळे पडलेले तांबे नव्या थिंबलमध्ये दाबून उपयोग नसतो, सोल्डरही त्याला धरत नाही. म्हणून पूर्ण केबलच बदलली : 25 चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, कल्हई केलेल्या तांब्याची, लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास. थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने दाबले आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. ब्लॉकवरील जागा पॉलिश पेपरने उघड्या धातूपर्यंत घासली, जोड आवळल्यावरच वरून ग्रीस लावले. बॅटरीवरचे हाताने फिरवायचे पाकळीचे नट काढून पान्याने आवळायचे नट आणि स्प्रिंग वॉशर घातले, कारण पाकळीचा नट थरथरीने सैल होतो आणि पाहणाऱ्याला तो घट्टच वाटतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केबलला मागच्या फळीजवळ क्लॅम्पने धरून तिच्यापुढे एक सैल वळसा ठेवला आणि इंजिन दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, वर उचलूनही पाहिले, म्हणजे ओढ क्लॅम्पवर पडेल, थिंबलवर नाही. जुन्या केबलला असा वळसा नव्हता. ती वीतभर तरी आखूड होती.

नंतरची मोजमापे इंजिन पूर्ण डावीकडे ठेवून घेतली. बॅटरीवर 10.6, धन बाजूची तूट 0.4, ऋण बाजूची 0.2, सेल्फला मिळालेले 10.0 व्होल्ट. बॅटरीवरचा आकडा आधीपेक्षा कमी झाला म्हणून नाना थोडे चपापले. पण सेल्फ आता पूर्ण प्रवाह ओढत होता आणि बॅटरी तो देत होती, म्हणून तो आकडा उतरणे स्वाभाविकच होते.

राहिली ती शांतता. तिच्यासाठी टेस्ट लॅम्प सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर लावला आणि लिव्हर न्यूट्रलच्या खाचेत ठेवून, तो किंचित पुढे-मागे ढकलत बटण दाबत राहिलो. लिव्हर खाचेच्या मध्यावर असताना बल्ब लागे, पुढच्या कडेला टेकला की लागत नसे. लिव्हरच्या जोडातील बुश झिजल्यामुळे न्यूट्रल स्विचचा दट्ट्या पूर्ण दाबला जात नव्हता. स्विचची पट्टी सुमारे दोन मिलिमीटर सरकवून आवळल्यावर बल्ब खाचेत सगळीकडे लागू लागला, आणि लिव्हर पुढच्या किंवा मागच्या गिअरमध्ये टाकल्यावर तो लागत नाही याचीही खात्री करून घेतली. ही दुसरी तपासणी पहिलीइतकीच आवश्यक आहे.

नानांना यापूर्वी कोणीतरी न्यूट्रल स्विचच्या दोन्ही वायरी एकत्र जोडून टाकण्याचा सल्ला दिला होता. तो सल्ला मी स्पष्टपणे नाकारला आणि येथेही नाकारतो. हा स्विच काढला की गिअर पडलेला असतानाही इंजिन सुरू होते, होडी एकदम झेप घेते, आणि पुढच्या टोकाला उभा राहून जाळे ओढणारा माणूस पाण्यात जातो, तेही पंखा फिरत असताना. होडीत दुरुस्तीच्या सामानाबरोबर आणीबाणीची दोरी असते, ती फ्लायव्हीलला गुंडाळून हाताने इंजिन सुरू करता येते, पण त्या वेळीही गिअर न्यूट्रलमध्ये आहे हे हाताने लिव्हर हलवून पाहावे, कारण दोरीने सुरू करताना विजेचा न्यूट्रल स्विच काही अडवत नाही. फ्लायव्हील उघडे असते, गळ्यातला रुमाल आधी काढून ठेवावा. मी पुतण्याकडून हे दोनदा करून घेतले. तसेच इंजिन चालू असताना बॅटरीची केबल कधीही सोडू नये हेही बजावले. चार्जिंगचा रेक्टिफायर त्याने जळतो.

साहित्याचा सगळा खर्च दीड हजार रुपयांच्या आत राहिला. बॅटरी, सोलेनॉइड आणि ब्रश यांवर आधी झालेला खर्च याच्या कितीतरी पट होता, आणि काढून टाकलेला जुना सोलेनॉइड मी बाकावर लावून पाहिला तेव्हा तो चांगला निघाला. तो सुटा भाग म्हणून होडीतच ठेवायला दिला.

त्यानंतर पाऊस लागेपर्यंत पुतण्याने वहीत एकही नवी नोंद केली नाही. पावसाळ्यात होडी काठावर ओढून ठेवलेली असताना मी लाल केबलही तपासली, कारण ती काळ्या केबलबरोबरच समुद्रावरून आलेली होती. तिच्या थिंबलखालीही तांब्याला काळेपणा सुरू झाला होता, अजून एकही तार तुटलेली नव्हती. ती बदलली, लिव्हरचा झिजलेला बुशही बदलला, न्यूट्रल स्विचची पट्टी पुन्हा तिच्या मूळ खुणेवर आणली, आणि धन बाजूची तूट 0.3 व्होल्टवर आल्याची नोंद त्याच वहीत, अकराव्या नोंदीखाली लिहून ठेवली.